पहारा दज्जालवर, दार महदीला उघडं

नमाजच्या शेवटी, सलाम फिरवण्याआधी, चार गोष्टींपासून अल्लाहकडे आश्रय मागावा अशी शिकवण प्रेषित मुहंमदांनी दिली, असं हदीस, म्हणजे प्रेषितांच्या वचनांची आणि आचरणाची नोंद, सांगते. नरकाची यातना, कबरीची यातना, जगण्यामरण्यातली संकटं आणि दज्जालचा फितना, म्हणजे त्याने उभं केलेलं कसोटीचं अरिष्ट. कयामतीआधी येणारा हा महाठक असा रोजच्या प्रार्थनेत आहे. म्हणून ‘या जुन्या कहाण्या आता कोण मानतं’ असं म्हणणाऱ्या विवेकवाद्यांचं मला नवल वाटतं. प्यू या अमेरिकी संशोधन संस्थेने २०१२ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत २३ देशांतल्या मुसलमानांना विचारलं होतं, तुमच्या हयातीत महदी, म्हणजे कयामतीआधी येणारा तारणहार, येईल का? ९ देशांत निम्मे किंवा त्याहून जास्त लोक ‘हो’ म्हणाले. अफगाणिस्तानात ८३ टक्के, इराकमध्ये ७२ टक्के, आणि कित्येक दशकं धर्मनिरपेक्ष राज्यघटना असलेल्या तुर्कस्तानात ६८ टक्के. एवढी माणसं जी गोष्ट आपल्या डोळ्यांदेखत घडणार म्हणून वाट पाहत आहेत, ती आपण मानत असू वा नसू, सार्वजनिक प्रश्न आहेच.

या श्रद्धेत दोन पात्रं समोरासमोर उभी आहेत. एक दज्जाल, खोटा मसीहा. दुसरा महदी, प्रेषितांच्या घराण्यातला नेता, जो अन्यायाने भरलेली पृथ्वी न्यायाने भरून टाकेल. मग ईसा, म्हणजे येशू, आकाशातून उतरतील आणि लुद्द गावाच्या वेशीत दज्जालला मारतील. व्याख्यानं, पुस्तकं, हल्लीचे व्हिडिओ यांचा सगळा रोख दज्जालवर असतो: तो कुठे आहे, कोणाच्या रूपात आहे, कोणत्या यंत्रात दडला आहे. पण कयामतीच्या नावाने आजवर जी माणसं खरोखर फसली, मेली आणि ज्यांनी इतरांना मारलं, ती बहुतेक महदीपायी. भीतीच्या वाटेवर पहारा कडक होता, आणि ठक आशेच्या वाटेने आत आला. माझं म्हणणं एवढंच आहे, पण ते पटवायचं तर दज्जालच्या कथेत काय आहे ते आधी पाहावं लागेल, कारण ती कथा तिच्या आजच्या प्रचारकांपेक्षा पुष्कळ शहाणी आहे.

कुराणात दज्जालचं नाव येत नाही. तो भेटतो हदीसमध्ये, बुखारी आणि मुस्लिम या दोन संकलकांच्या संग्रहांत. एका डोळ्याने आंधळा, आणि तो डोळा द्राक्षासारखा पुढे आलेला. सोबत एक बाग आणि एक आग. पण त्याची बाग म्हणजे प्रत्यक्षात आग, आणि आग म्हणजे बाग. त्याने आज्ञा केली की आभाळ बरसतं, जमीन पिकते. त्याला नाकारणाऱ्यांच्या वाट्याला दुष्काळ. या कथेतलं धाडस असं की ठकाचे चमत्कार चालतात. तो हातचलाखी करताना पकडला जात नाही. पाऊस खराच पडतो, भूक खरीच लागते.

मग एक तरुण त्याच्या समोर येतो आणि तोंडावर सांगतो, तू तोच, ज्याच्याबद्दल प्रेषितांनी आम्हाला बजावलं होतं. दज्जाल जमलेल्या लोकांना विचारतो, याला मारून पुन्हा उठवलं तर शंका राहील का? लोक म्हणतात, नाही. तो त्याला मारतो आणि उठवतो. उठलेला तरुण म्हणतो, तुझ्याबद्दल आज माझी जेवढी खात्री पटली तेवढी पूर्वी कधीच नव्हती.

चमत्कार घडला, स्वतःच्या देहावर घडला, आणि त्यातून काढलेला निष्कर्ष नेमका उलटा. जो मेलेल्याला उठवतो तो खरा असलाच पाहिजे असं नाही. मूसांच्या काठीवर आणि ईसांच्या चमत्कारांवर विश्वास ठेवणाऱ्या परंपरेने हे म्हणावं, याचं महत्त्व मला फार वाटतं. सामर्थ्य हा सत्याचा पुरावा नव्हे, संख्या तर नव्हेच, कारण त्या मैदानात तो तरुण एकटा आहे आणि बाकी गर्दी ‘शंका राहणार नाही’ म्हणणाऱ्यांची आहे.

आणखी एक प्रसंग फारसा कोणी सांगत नाही. दज्जाल चाळीस दिवस राहील आणि त्यातला एक दिवस वर्षाएवढा लांब असेल, हे ऐकल्यावर सहाबींनी, म्हणजे प्रेषितांच्या सोबत्यांनी, काय विचारावं? त्यांनी विचारलं, त्या दिवसात एका दिवसाच्या नमाजा पुरतील का? उत्तर मिळालं: नाही, अंदाजाने वेळा ठरवून घ्या. जग उलटंपालटं होत असताना प्रश्न आहे तो नेमून दिलेलं काम कसं निभवायचं याचा. पार्श्वसंगीत लावून, आवाज कापरा करून केलेल्या आजच्या व्याख्यानांत हा सूर शोधूनही सापडत नाही.

आता कथेतला अवघड भाग. दज्जालच्या दोन डोळ्यांच्या मध्ये ‘काफिर’ची अक्षरं असतील, आणि ती प्रत्येक श्रद्धावानाला वाचता येतील, मग तो लिहितावाचता असो वा नसो. अर्थ कळतो: ठक ओळखायला पांडित्य लागत नाही, सचोटी लागते. पण याच वाक्यात एक चोरवाटही आहे. ज्याला अक्षरं दिसतात तो श्रद्धावान, आणि श्रद्धावान कोण, तर ज्याला अक्षरं दिसतात. या वर्तुळात शिरलेल्या माणसाला बाहेरून कोणीच काही सांगू शकत नाही. ‘तुम्हाला दिसत नाही कारण तुमचा ईमान कच्चा आहे’ हे वाक्य मग कोणाच्याही कपाळावर काहीही वाचून दाखवायला पुरतं. हा दोष परंपरेत नाही, फक्त तिच्या दुरुपयोगात आहे, असं सोयीस्कर उत्तर मी देणार नाही. तो अंशतः परंपरेतही आहे.

परंपरेनेच त्यावर उतारा ठेवला आहे, तो इब्न सय्यादच्या हकिकतीत. मदिनेतला हा एक विचित्र मुलगा. तंद्रीत जायचा, काहीबाही पुटपुटायचा, आपल्याला गूढ गोष्टी कळतात असं म्हणायचा. गावात कुजबुज सुरू झाली की हाच दज्जाल. प्रेषित स्वतः खजुरीच्या झाडांआड लपत त्याचं पुटपुटणं ऐकायला गेले. त्याच्या आईने पाहिलं, हाक मारली, आणि मुलगा सावध झाला. सोबत असलेल्या उमर या सहाबींनी प्रेषितांना विचारलं, याची मान उडवू का? उत्तर असं: हा तोच असेल तर तुला त्याच्यावर मात करता येणार नाही, आणि नसेल तर त्याला मारून तुझं काहीच भलं होणार नाही.

या उत्तराची तर्करचना पाहा. संशय खरा ठरो वा खोटा, कृती दोन्हीकडून वर्ज्य. संशयाच्या बळावर हिंसा करायला एवढीशीही फट शिल्लक ठेवलेली नाही. आणि हे सांगताना प्रेषितांनी ‘हा दज्जाल नाही’ असा निर्वाळाही दिला नाही. अनिश्चितता तशीच राहू दिली. अनिश्चिततेसह एका माणसाला शेजारी राहू देणं, हा या प्रसंगाचा धडा मला वाटतो.

पुढे तो मुलगा मोठा झाला. मुस्लिमच्या संग्रहात त्याची कैफियत आहे. मक्केच्या वाटेवर त्याला अबू सईद अल-खुदरी हे सहाबी सोबतीला मिळाले. ते त्याच्यापासून जरा अंतर राखून बसले. त्याने बोलून दाखवलं, की लोक जे बोलतात त्याने वाटतं, दोर घ्यावा, झाडाला बांधावा आणि फास लावून घ्यावा. मग तो युक्तिवाद करतो: दज्जालला मूलबाळ नसेल, मला आहे. तो मक्का-मदिनेत शिरू शकणार नाही, आणि मी मदिनेत जन्मलो, मक्केला निघालो आहे. शेवटी तो दज्जालबद्दल असं काही गूढ बोलून जातो की अबू सईद पुन्हा गोंधळतात. परंपरेने तो गोंधळही जपून ठेवला. मला मात्र तो दोर जास्त महत्त्वाचा वाटतो. दज्जाल म्हणून बोट दाखवलं गेलं की ज्याच्यावर बोट रोखलं त्याचं काय होतं, हे आद्य ग्रंथांतच नोंदलेलं आहे.

थोडक्यात, खोट्या मसीहाच्या विरोधात परंपरेची तयारी चोख आहे. महदीच्या बाबतीत तसं म्हणता येत नाही. त्याची सगळ्यात प्रसिद्ध खूण कोणती? त्याचं नाव प्रेषितांचं, आणि त्याच्या बापाचं नाव प्रेषितांच्या वडिलांचं, म्हणजे मुहंमद बिन अब्दुल्लाह. मुस्लिम समाजात याहून सर्रास आढळणारी जोडी मिळणं कठीण. एका बाजूला मेलेला माणूस उठवला तरी विश्वास ठेवू नका असं बजावणारी कथा, दुसऱ्या बाजूला केवळ नाव जुळलं की कान टवकारायला लावणारी खूण.

इतिहासाने या फटीचा पुरेपूर वापर केला. ७६२ साली मदिनेत अब्बासी खलिफा मन्सूरविरुद्ध उठाव झाला, तो प्रेषितांचे नातू हसन यांचा पणतू मुहंमद बिन अब्दुल्लाह याच्या नेतृत्वाखाली. त्याला महदी मानणारे पुष्कळ होते. मन्सूरने उठाव चिरडला आणि आपल्या मुलाला पदवी दिली ‘अल-महदी’. योगायोग असा की मन्सूरचं स्वतःचं नाव अब्दुल्लाह आणि मुलाचं मुहंमद! हा महदी ७७५ ते ७८५ अशी दहा वर्षं रीतसर गादीवर बसला. पृथ्वी न्यायाने भरली की नाही, ते खंडणी भरणाऱ्यांना विचारायला हवं होतं. सुदानमध्ये १८८१ साली महदी असल्याचं जाहीर करणारा मुहंमद अहमद हाही अब्दुल्लाहचाच मुलगा. त्याने जानेवारी १८८५ मध्ये खार्तूम जिंकलं आणि त्याच वर्षी जूनमध्ये तो आजारी पडून वारला. त्याने सोडलेलं राज्य २ सप्टेंबर १८९८ ला ओमदुर्मानच्या रणात इंग्रजांच्या मशीनगनपुढे संपलं. त्या एका सकाळी दहा हजारांहून अधिक सुदानी मेले.

हे सगळे दावेदार लबाड होते असं मी म्हणत नाही, आणि इथेच प्रश्न गुंतागुंतीचा होतो. मुहंमद अहमद विरक्त सूफी होता; त्याच्या मागे गेलेले लोक तुर्की-इजिप्शियन अमलाच्या करांनी पिचलेले होते. जौनपूरचे सय्यद मुहंमद यांनी पंधराव्या शतकात महदीपणाचा दावा केला, त्यांच्या साधेपणाची कबुली विरोधकही देत. त्यांचा महदवी पंथ आजही शांतपणे नांदतो आहे. १५८९ च्या सुमारास अहमदनगरच्या निजामशाहीचा कारभारच जमालखान या महदवी सरदाराच्या हाती होता. म्हणजे इथे फसवणूक ही नेहमी एकाने दुसऱ्याची केलेली नसते. कित्येकदा फसवणारा आणि फसणारा एकाच स्वप्नात असतात.

याचं सगळ्यात भयंकर उदाहरण १९७९ चं. हिजरी सन १४०० चा पहिला दिवस, २० नोव्हेंबर. मक्केच्या हरम मशिदीत पहाटेची नमाज संपत असताना जुहैमान अल-उतैबी आणि त्याच्या शेकडो सशस्त्र साथीदारांनी मशीद ताब्यात घेतली. त्यांनी काबागृहाजवळ आपला महदी उभा केला. त्याचं नाव, अर्थातच, मुहंमद बिन अब्दुल्लाह, आडनाव कहतानी. खुणा एकामागून एक जुळवलेल्या होत्या: नाव, शतकाचा आरंभ, काबाच्या कोपऱ्याशी दिली जाणारी निष्ठेची शपथ, साथीदारांना पडलेली स्वप्नं. पुढची खूणही ठरलेली होती: महदीवर चालून येणारं सैन्य वाटेतच धरणी गिळेल. सैन्य आलं. धरणीने गिळलं नाही. कहतानी काही दिवसांतच मारला गेला. महदी मरू शकत नाही, तेव्हा तो मेलेलाच नाही, असं आत अडकलेल्यांना सांगितलं गेलं आणि लढाई ४ डिसेंबरपर्यंत चालू राहिली. सरकारी आकड्यांनुसारही २५० हून अधिक माणसं मेली. जानेवारी १९८० मध्ये जुहैमानसह ६३ जणांना देहान्त शिक्षा झाली.

ज्या आवारात झाडाची फांदी तोडायलाही मनाई, तिथे बंदुका आणणारी ही माणसं धर्माची अडाणी नव्हती. हदीस त्यांना मुखोद्गत होत्या, दज्जालपासून आश्रय ती रोज मागत होती. हाताशी असलेला निकष त्यांनी लावला असता, तर तो तरुण जे दज्जालला म्हणतो ते त्यांना कहतानीच्या बाबतीत म्हणता आलं असतं. पण तो निकष शत्रूसाठी राखून ठेवला होता. आपल्या माणसाला लावायचा असतो हे कोणी शिकवलं नव्हतं.

३५ वर्षांनी दाबिकमध्ये तेच. उत्तर सीरियातलं हे छोटं गाव, पण रूमी, म्हणजे रोमन, फौजा इथे किंवा आमाकला उतरतील आणि निर्णायक युद्ध होईल अशी हदीस आहे. इसिसने ऑगस्ट २०१४ मध्ये गाव घेतलं, आपल्या मासिकालाही तेच नाव दिलं, आणि जगभरातल्या पोरांना बोलावलं की शेवटच्या लढाईला या. ऑक्टोबर २०१६ मध्ये तुर्कस्तानचा पाठिंबा असलेल्या सीरियन बंडखोरांनी गाव घेतलं, तेही फारशी लढाई न होता. त्याच्या आधीच मासिकाचं नाव बदलून ‘रूमिया’, म्हणजे रोम, झालेलं होतं. भविष्यवाणी पुढे ढकलण्याची ही कार्यालयीन पद्धत म्हणायची.

इब्न खल्दूनने चौदाव्या शतकातच महदीविषयीच्या हदीसची एकेक करून छाननी केली होती आणि त्यांतल्या फार थोड्याच निर्दोष ठरतात असं म्हटलं होतं. त्याचा दुसरा मुद्दा समाजशास्त्रीय होता: पाठीशी गोताचं, टोळीचं बळ नसेल तर कोणताही दावेदार टिकत नाही. म्हणजे महदी म्हणून जो यशस्वी होतो त्याचं यश राजकारणाने समजतं, आकाशाने नव्हे. हे वाक्य मशिदीतल्या प्रवचनात मात्र क्वचितच शिरलं.

कालनिर्णयाच्या बाबतीत तर मूळ स्रोत कमालीचे स्पष्ट आहेत. कुराणात (७:१८७) कयामत कधी हे विचारणाऱ्यांना उत्तर आहे, तिचं ज्ञान फक्त माझ्या प्रभूला. देवदूत जिब्रील माणसाच्या रूपात येऊन प्रेषितांना हाच प्रश्न करतो तेव्हा ते म्हणतात, ज्याला विचारलं जात आहे त्याला विचारणाऱ्यापेक्षा जास्त माहीत नाही. शिया परंपरेत तर ‘वेळ सांगणारे खोटे’ असं इमामांचं वचनच आहे. शिया ज्यांना महदी मानतात ते अदृश्य झालेले बारावे इमाम ज्यांच्यामार्फत अनुयायांशी बोलत त्या शेवटच्या प्रतिनिधीच्या नावे ९४१ सालचं जे पत्र सांगितलं जातं, त्यात ठरावीक चिन्हांआधी ‘मला इमाम दिसले’ म्हणणारा लबाड समजावा असं बजावलं आहे. व्याख्यात्यांनी यातून पळवाट काढली: आम्ही तारीख सांगत नाही, फक्त खुणा दाखवतो. अनवाणी मेंढपाळ उंच इमारतींची स्पर्धा करतील ही खूण घ्या. दुबईचा ८२८ मीटरचा मनोरा दाखवला की सभागृह गार. पण खुणा जुळल्याची खात्री ७६२ मध्येही होती आणि १८८१ मध्येही.

त्यात अलीकडे परका माल मिसळला गेला. १९८० च्या दशकापासून कैरोत निघालेल्या स्वस्त कयामत-पुस्तकांनी युरोपातला ज्यूद्वेष घाऊक उचलला, त्यात रशियात १९०३ साली छापलेली ज्यूंच्या जागतिक कटाची ती कुप्रसिद्ध बनावट ‘गुप्त इतिवृत्तं’ही आली. दज्जालच्या मागे इस्फहानचे सत्तर हजार यहुदी जातील अशी हदीस असल्याने त्या मालाला खुंटीही आयती मिळाली. हे नाकारण्यात अर्थ नाही, आणि एका भाकितातल्या समूहावरून आज जिवंत असलेल्या एका समाजाला ओळखण्याचा परवाना मिळतो असं मानण्यातही नाही. इब्न सय्याद तर यहुदी घरातलाच होता, आणि त्याला हात लावायला मनाई झाली होती. डॉलरच्या नोटेवरच्या डोळ्याची तर गंमतच आहे. तो आला ख्रिस्ती चित्रकलेतून, देवाच्या कृपादृष्टीचं चिन्ह म्हणून, आणि एक डॉलरच्या नोटेवर छापला गेला १९३५ पासून. हदीसमध्ये पिरॅमिड नाही, त्रिकोण नाही. एका माणसाचा बिघडलेला डोळा आहे.

यावर बंदी हा उपाय मला मान्य नाही. ज्याचा व्हिडिओ काढून टाकला जातो तो दुसऱ्या दिवशी ‘दज्जालच्या व्यवस्थेने माझा आवाज दाबला’ म्हणून दुप्पट श्रोते जमवतो. सौदी राजवटीने १९७९ नंतर बंडखोरांना संपवलं, पण कर्मठ उलेमांचा, म्हणजे धर्मपंडितांचा, अधिकार आणखी वाढवला. ज्या मुशीतून जुहैमान निघाला ती तशीच राहिली. बाहेरून टिंगल करूनही काही साधत नाही. काम आतून होणार, आणि त्यासाठी लागणारं साहित्य उलेमांच्या हातात आहे. दज्जालबद्दल कळलं तर त्याच्यापासून लांब राहा, कारण माणूस आपल्या ईमानाच्या भरवशावर त्याच्याकडे जातो आणि त्याचाच होऊन बसतो, ही अबू दाऊदच्या संग्रहातली हदीस. मला तुमच्याबद्दल दज्जालपेक्षाही दिशाभूल करणाऱ्या नेत्यांची जास्त भीती वाटते, ही मुसनद अहमद या संग्रहातली. दज्जालहून भयंकर म्हणजे कोणी बघत आहे म्हणून नमाज सजवणं, ही इब्न माजाच्या संग्रहातली. या तिन्हींत बोट स्वतःकडे आणि स्वतःच्या पुढाऱ्यांकडे वळतं. त्या शुक्रवारच्या खुतब्यांतून, म्हणजे प्रवचनांतून, नेमाने सांगितल्या गेल्या, तर एकडोळ्याच्या शोधमोहिमेला गिऱ्हाईक कमी होईल. तसं होत नाही याचं एक कारण उघड आहे: अशा हदीस सांगणाऱ्याला आधी स्वतः त्या निकषाखाली उभं राहावं लागतं.

श्रोत्यांनीही एक करावं, वही ठेवावी. १९९० साली कुवेतवर हल्ला झाल्यानंतर कयामत-लेखकांनी सद्दाम हुसेनला सुफयानी ठरवलं होतं, महदीविरुद्ध उभा राहणारा तो जुलमी शासक. २००६ साली त्याला फाशी झाली आणि महदी काही आला नाही. मग सुफयानीच्या जागी दुसरी नावं आली, सीरियाचं युद्ध पेटल्यावर तिसरी. आज जो व्याख्याता नवं नाव सांगत आहे, त्याने आधी कोणतं सांगितलं होतं हे सभेत उठून विचारायला धर्माची कोणतीच आडकाठी नाही.